जाहिरातीने सिद्ध होणारी गरज

परदेशातून कामाला माणूस आणायचा असेल तर आधी त्याची गरज सिद्ध करा, असे जवळपास प्रत्येक श्रीमंत देशाचा कायदा मालकाला बजावतो. मागणी रास्त आहे. देशात माणसे मिळत असताना परका माणूस स्वस्तात पडतो म्हणून, किंवा नात्यातल्या कोणाला कायमचे वास्तव्य मिळवून द्यायचे म्हणून, कागदावर एक पद उभे करून व्हिसा मागितला गेला, तर त्यात तिथल्या कामगाराचेही नुकसान आहे आणि शेजारच्या प्रामाणिक मालकाचेही. त्यामुळे गरज तपासावी की नाही, हा प्रश्नच नाही. ती कशाने सिद्ध होते, हा खरा प्रश्न आहे, आणि ऑस्ट्रेलियाने गेल्या दहा-बारा वर्षांत या प्रश्नाशी जी झटापट केली आहे ती पाहता असे वाटते, की तिथे आणि इतरत्रही सरकारे चुकीच्या ठिकाणी पुरावा शोधत आली आहेत.

ऑस्ट्रेलियात १९९६ साली ४५७ क्रमांकाचा तात्पुरता कामगार व्हिसा सुरू झाला, तेव्हा उद्देश साधा होता: कंपन्यांना लागणारी कुशल माणसे लवकर मिळावीत. पुढे हा व्हिसा रेस्टॉरंटांपासून खाणींपर्यंत सगळीकडे वापरला जाऊ लागला आणि गैरवापराच्या तक्रारीही वाढल्या. २०१३ साली, निवडणुकीच्या तोंडावर, ज्युलिया गिलार्ड यांच्या सरकारने नियम आवळले. त्या वर्षीच्या १ जुलैपासून मालकाने नॉमिनेट केलेले पद ‘खरे’ असले पाहिजे, अशी अट आली, आणि नोव्हेंबरपासून देशातल्या श्रमबाजारात माणूस शोधून पाहिल्याचा पुरावा देण्याचे बंधन आले. २०१७ मध्ये माल्कम टर्नबुल यांनी ४५७ बंद करण्याची घोषणा केली, मार्च २०१८ मध्ये त्याच्या जागी ४८२ आला, आणि ७ डिसेंबर २०२४ पासून त्याच ४८२चे नाव ‘स्किल्स इन डिमांड’ झाले. नावे बदलली, याद्या बदलल्या. पण पद खरे असावे आणि आधी देशात शोध घेतलेला असावा, या दोन अटी कायम राहिल्या. कायम वास्तव्याच्या १८६ व्हिसासाठीही मालकाला त्या माणसाची ‘खरी गरज’ आहे, असे दाखवावे लागते.

आता ही अट प्रत्यक्षात कशी चालते ते पाहू. समजा, व्हिक्टोरिया राज्यातल्या एखाद्या आडगावात चाळीस खुर्च्यांचे भारतीय रेस्टॉरंट आहे आणि मालकाला शेफ हवा आहे. तो एकटा अर्ज करू शकतो, पण बहुधा मायग्रेशन एजंटाकडे जातो. फाइल तयार होते. त्यात कोण कोणाच्या हाताखाली काम करते याचा तक्ता, पदाच्या कर्तव्यांचे वर्णन, नोकरीचा करार, उलाढालीची विवरणपत्रे, आठवड्याचे रोस्टर आणि हे पद का आवश्यक आहे ते सांगणारे लांबलचक पत्र असते. समोर बसलेला सरकारी अधिकारी जे प्रश्न विचारतो ते चांगलेच असतात. आजवर हे काम कोण करत होते? रोज किती लोक जेवायला येतात? स्वयंपाकघरात आधीच किती जण आहेत? एवढ्या उलाढालीत हा पगार परवडेल का? हा माणूस मालकाचा भाचा तर नाही ना? आणि ज्याला शेफ म्हटले आहे तो खरोखर मेनू आखणार, माल मागवणार, हाताखालच्यांना शिकवणार आहे, की दिवसभर तंदूर सांभाळणार आहे? कारण सरकारी व्यवसाय-यादीत शेफ वेगळा आणि कुक वेगळा, आणि स्वयंपाकघरातला मदतनीस तर त्या यादीच्या बाहेरच.

या प्रश्नांतून काही बनावट प्रकरणे नक्की पकडली जातात. दोन टेबलांच्या टेकअवे दुकानाला ‘रेस्टॉरंट मॅनेजर’ हवा असतो, किंवा चार माणसांच्या कंपनीला ‘मार्केटिंग स्पेशालिस्ट’. २०१७ नंतर काही व्यवसायांना ज्या अटी चिकटवल्या गेल्या, म्हणजे उलाढाल किमान दहा लाख डॉलर असावी, किमान पाच माणसे कामाला असावीत, फास्ट फूडच्या दुकानाला शेफ किंवा मॅनेजर आणता येणार नाही, त्या अशा प्रकरणांच्या अनुभवातून आलेल्या आहेत. मी त्यांची टवाळी करणार नाही.

अडचण निराळी आहे. खरी गरज असते ती सहसा अस्ताव्यस्त असते. ज्या मालकाला स्वयंपाकी मिळत नाही तो स्वतः दिवसाचे चौदा तास भट्टीसमोर उभा असतो, बायको गल्ला सांभाळते, मंगळवार-बुधवार दुकान बंद ठेवावे लागते, मोठ्या ऑर्डरी नाकाराव्या लागतात, हिशेब रात्री झोपेत लिहिलेले असतात. माणूस नाही म्हणून उलाढाल कमी, आणि उलाढाल कमी म्हणून अधिकारी म्हणणार की एवढ्या धंद्याला हे पद झेपत नाही. उलट ज्याला व्हिसाच विकायचा आहे त्याच्याकडे वेळ असतो, एजंट असतो, सुबक तक्ता असतो, आणि कर्तव्यांचे वर्णन तर सरकारी व्यवसाय-सूचीतून शब्दशः उतरवलेले असते. अधिकारी अनुभवी असेल तर तो शब्दशः उतारा पाहून सावध होतो. मग पुढच्या खेपेला एजंट तेच वाक्य फिरवून लिहितो. कागदाची कसोटी जितकी बारीक होते तितका कागद तयार करण्याचा धंदा वाढतो, आणि त्या धंद्याची फी ज्याला परवडते त्याची गरज अधिक ‘खरी’ ठरते. नकार मिळालाच तर अपील करता येते, पूर्वी अपील न्यायाधिकरणाकडे आणि १४ ऑक्टोबर २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या नव्या पुनर्विलोकन न्यायाधिकरणाकडे. पण ज्याला पुढच्या महिन्यात शेफ हवा होता, त्याला निकाल लागेपर्यंत दुकान चालवायचे असते.

दुसरी अट जाहिरातीची आहे, आणि तिथे मात्र माझे मत स्पष्टपणे विरोधी आहे. नियमानुसार मालकाने देशभर पोहोचणाऱ्या माध्यमांत इंग्रजीतून किमान दोन जाहिराती द्यायच्या, त्या किमान चार आठवडे चालू ठेवायच्या, पद, लागणारी कौशल्ये आणि मालकाचे किंवा भरती संस्थेचे नाव त्यांत लिहायचे, पगार ९६,४०० डॉलरांहून कमी असेल तर तोही लिहायचा. पूर्वी तीन जाहिराती लागत, त्यांतली एक सरकारी संकेतस्थळावर. ती सक्ती डिसेंबर २०२३ मध्ये काढली गेली. यातून सिद्ध काय होते? एवढेच, की चार आठवडे दोन ठिकाणी एक मजकूर दिसत होता. ज्याने माणूस आधीच हेरून ठेवला आहे तो जाहिरात अशी लिहितो, की तिच्यात तोच एक माणूस बसावा, आणि आलेल्या अर्जांना नाकारण्याची कारणेही त्याच वेळी तयार असतात. ज्याला खरोखरच कोणीही चालणार असते तो याआधी सहा महिने फेसबुकवर, ओळखीपाळखीत, गावातल्या नोटीसबोर्डावर शोधून दमलेला असतो, पण तो शोध नियमाच्या चौकटीत मोजला जात नाही, म्हणून त्याला पुन्हा दोन जाहिराती देऊन चार आठवडे थांबावे लागते.

यापेक्षा मोठी विसंगती व्यापार करारांत आहे. चीन, जपान, थायलंड, व्हिएतनाम अशा देशांच्या नागरिकांना, मुक्त व्यापार करारांमुळे, ही जाहिरातीची अट लागूच होत नाही. म्हणजे त्याच रेस्टॉरंटात, त्याच जागेवर, त्याच पगारावर थाई स्वयंपाकी आणायचा असेल तर देशात शोध घेतल्याचा पुरावा नको, आणि नेपाळहून नवा स्वयंपाकी आणायचा असेल तर हवा. स्थानिक कामगाराचे हित जपण्यासाठी ही अट असेल, तर त्या कामगाराला येणाऱ्याच्या पासपोर्टचा रंग कोणता याने काय फरक पडतो? गरज मालकाची असते आणि ती त्या जागेतून जन्मते. ती कोणत्या देशाच्या माणसाने भरली जाणार यावर तिचा खरेखोटेपणा ठरू शकत नाही. जी अट वाटाघाटीच्या टेबलावर देऊन टाकता येते, ती कामगारांच्या संरक्षणाची अट म्हणून सरकारलाही फारशी मोलाची वाटत नसावी. ४५७ व्हिसाचा आढावा घेणाऱ्या, जॉन अझारियास यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१४ मध्येच श्रमबाजार चाचणीची, म्हणजे आधी देशात माणूस शोधून पाहण्याची, ही कायदेशीर सक्ती रद्द करावी अशी शिफारस केली होती. ती मानली गेली नाही, कारण ‘आधी आपल्या माणसाला काम’ हे वाक्य निवडणुकीत चालते आणि जाहिरातीची अट हे त्या वाक्याचे दृश्य रूप आहे.

जाहिरात कशी विधीपुरती उरते याचा सर्वांत ठसठशीत नमुना अमेरिकेत सापडतो. तिथे रोजगारावर आधारित ग्रीन कार्डासाठी बहुतेक वेळा मालकाला आधी श्रम खात्याकडून प्रमाणपत्र घ्यावे लागते: या जागेसाठी पात्र, इच्छुक आणि उपलब्ध असा अमेरिकी कामगार मिळाला नाही. पुण्या-मुंबईहून गेलेल्या कितीतरी अभियंत्यांचे ग्रीन कार्ड याच पायरीवरून वर गेले आहे, त्यामुळे या प्रक्रियेचे ‘पर्म’ हे नाव अनेक मराठी घरांत ओळखीचे आहे. व्यावसायिक पदांसाठी नियम दोन रविवारच्या वृत्तपत्रांत छापील जाहिरात द्यायला सांगतो. सॉफ्टवेअरची नोकरी शोधणारा कोणता माणूस रविवारच्या पेपरातली छोटी जाहिरात चाळतो, हे नियम लिहिणाऱ्यांनाच ठाऊक. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकी न्याय खात्याने फेसबुकवर खटला भरला. खात्याचे म्हणणे असे होते, की जानेवारी २०१८ ते सप्टेंबर २०१९ या काळात २,६०० हून अधिक पदांसाठी कंपनीने स्वतःच्या संकेतस्थळावर जाहिरात न देता अर्ज टपालाने मागवले. एरवी तिच्या अशा पदांना शंभर किंवा त्याहून अधिक अर्ज येत, आणि या पदांपैकी ९९.७ टक्के पदांना शून्य किंवा एक अर्ज आला. ऑक्टोबर २०२१ मध्ये एक कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरांपर्यंतच्या रकमेवर तडजोड झाली. अशाच स्वरूपाच्या आरोपांवर ॲपलने नोव्हेंबर २०२३ मध्ये अडीच कोटी डॉलरांची तडजोड केली.

या प्रकरणांकडे लबाडी म्हणून पाहणे सोपे आहे, आणि स्थानिक उमेदवारांना टाळले गेले असेल तर ती लबाडीच आहे. पण त्यात एक वेगळी गोष्टही दिसते. त्या जागांवर माणसे आधीपासून काम करत होती, वर्षाला सरासरी दीड लाख डॉलरांहून अधिक पगार घेत होती, आणि कंपनीला ती हवी होती याबद्दल संशय घ्यायला जागा नाही. गरज खरी होती आणि पुरावा नाटकी होता. ज्या खुर्चीवर माणूस बसलेला आहे ती रिकामी असल्यासारखी जाहिरात करायला कायद्याने भाग पाडले, की कंपनी अर्ज कमीत कमी यावेत असा मार्ग शोधणार, हे उघड आहे.

याची उलटी बाजू ब्रिटनमध्ये घडली. फेब्रुवारी २०२२ मध्ये वृद्ध आणि आजारी माणसांची काळजी घेणाऱ्या केअर वर्करांसाठी व्हिसाचा मार्ग खुला झाला. क्षेत्राची गरज खरी होती. इंग्लंडमध्ये या कामाच्या हजारो जागा रिकाम्या होत्या. पण क्षेत्राची गरज खरी असल्याने प्रत्येक मालकाची गरज खरी ठरत नाही. स्थलांतर विभागाचे तेव्हाचे स्वतंत्र मुख्य निरीक्षक डेव्हिड नील यांचा मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल वाचताना थक्क व्हायला होते. अस्तित्वातच नसलेल्या एका केअर होमला २७५ प्रायोजकत्व प्रमाणपत्रे, म्हणजे ज्यांच्या आधारे परदेशी कामगार व्हिसा मागू शकतो ती, दिली गेली होती, आणि कामगार आणण्याचा परवाना घेताना आपल्याकडे चार कर्मचारी आहेत असे सांगणाऱ्या एका कंपनीला १,२३४. नंतर सरकारने कारवाई सुरू केली. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात केअर क्षेत्रातले ४७० हून अधिक परवाने रद्द झाले आणि त्या मालकांशी जोडलेल्या कामगारांची संख्या ३९,००० हून अधिक होती. परवाना मालकाचा गेला, पण साठ दिवसांत नवा मालक शोधा नाहीतर देश सोडा, ही वेळ कामगारावर आली. अखेर २२ जुलै २०२५ पासून परदेशातून केअर वर्कर आणण्याचा मार्गच बंद करण्यात आला. दारावर तपास झाला नाही, म्हणून शेवटी दारच लावून घेतले गेले.

मग गरज तपासायची कशी? माझे म्हणणे असे आहे, की कागदात काय लिहिले आहे यापेक्षा पैसा कोणाकडून कोणाकडे जातो आहे हे पाहावे. ज्याला गरज असते तो किंमत मोजतो. मालक चालू बाजारभावाने पगार देत असेल, सरकारी शुल्क स्वतः भरत असेल, आणि माणूस उद्या निघून जाऊ शकतो हे ठाऊक असूनही त्याला आणत असेल, तर गरज मालकाची आहे. कामगारच मालकाला पैसे देत असेल, किंवा पगार कमी घेऊन ती किंमत चुकवत असेल, तर गरज कामगाराची आहे आणि पद हे तिला मिळालेले निमित्त आहे.

ऑस्ट्रेलियात हा दुसरा प्रकार आपल्या लोकांना अपरिचित नाही. कुकरीचा किंवा हॉस्पिटॅलिटीचा डिप्लोमा करायला गेलेला मुलगा, घरून घेतलेले शैक्षणिक कर्ज, संपत आलेला विद्यार्थी व्हिसा, आणि ‘एवढे दे, स्पॉन्सरशिप मिळेल’ असे सांगणारा कोणी तरी ओळखीचा. कधी रक्कम आधी घेतली जाते. कधी पगार नियमाप्रमाणे बँकेत जमा होतो आणि त्यातला हिस्सा दर पंधरवड्याला रोख परत जातो, म्हणजे पगाराच्या पावतीवर सगळे जिथल्या तिथे दिसते. १४ डिसेंबर २०१५ पासून स्पॉन्सरशिपच्या बदल्यात पैसे किंवा लाभ मागणे वा घेणे हा तिथे दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. देणाऱ्यालाही दंड होऊ शकतो आणि त्याचा व्हिसा रद्द होऊ शकतो. शेवटचे कलम कागदावर न्याय्य दिसते, पण त्याने तक्रार करू शकणाऱ्या एकमेव साक्षीदाराचे तोंड बंद केले. स्वतःचा व्हिसा पणाला लावून मालकाविरुद्ध कोण बोलणार? हा प्रश्न सरकारला उशिरा सुचला. जुलै २०२४ पासून शोषणाविरुद्ध दाद मागणाऱ्या स्थलांतरित कामगारांसाठी वेगळा अल्पकाळाचा व्हिसा प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला आणि तक्रारदाराचा व्हिसा रद्द होण्यापासून काही संरक्षणही मिळाले. बनावट पदे शोधण्यासाठी हजार तक्त्यांपेक्षा या दोन तरतुदी अधिक उपयोगी पडतील, असे मला वाटते.

पगाराची कसोटी सरकारकडे आधीपासून होती, पण सरकारने ती स्वतःच बोथट करून ठेवली. स्पॉन्सर केलेल्या कामगाराला किमान किती वेतन द्यावे याची रेषा २०१३ मध्ये ५३,९०० डॉलरांवर ठरली आणि पुढची दहा वर्षे तिथेच गोठली. तेव्हाच्या गृहमंत्री क्लेअर ओनील यांनी २०२३ मध्ये सांगितले, की देशातल्या पूर्णवेळ नोकऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के नोकऱ्यांचा पगार या रेषेच्या वर गेला आहे. म्हणजे कुशल कामगारासाठीच्या व्हिसात पगाराची अट जवळजवळ उरलीच नव्हती, आणि नेमक्या त्याच दशकात कागदांची अट वाढत गेली. मार्टिन पार्किन्सन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या स्थलांतर व्यवस्थेच्या पुनरावलोकनानंतर, ज्यात अझारियास पुन्हा होते, ही रेषा १ जुलै २०२३ ला ७०,००० वर आली आणि आता ती दरवर्षी वाढते; १ जुलै २०२५ ला ती ७६,५१५ झाली. याखेरीज त्याच कामासाठी स्थानिक माणसाला जो बाजारभाव मिळाला असता तो परदेशी माणसालाही द्यावा लागतो. दर वर्षाच्या व्हिसामागे मालकाला प्रशिक्षण निधीत १,२०० किंवा मोठ्या धंद्याला १,८०० डॉलर भरावे लागतात आणि ते कामगाराकडून वसूल करण्यास मनाई आहे. गरज तपासण्याचे साधन म्हणून ही तीन वाक्ये जाहिरातींपेक्षा कितीतरी वजनदार आहेत, कारण खोटे पद टिकवण्यासाठी खरा पैसा दरमहा बाहेर जावा लागतो.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा, की पैशाची कसोटी लावली तर ज्यांची गरज खरी पण खिसा लहान आहे ते बाद होतील. आडगावातले रेस्टॉरंट ७६,५१५ डॉलर कुठून देणार? मला हा आक्षेप अर्धा मान्य आहे. धंद्याला स्थानिक भावाने पगार परवडत नसेल, तर त्याला माणूस हवा आहे एवढे म्हणणे पुरेसे नाही. त्याला ठरावीक कमी किमतीचा माणूस हवा आहे, आणि ती किंमत कोणीतरी भरतो आहे. तो कोणीतरी म्हणजे तो कामगार. ताट बावीस डॉलरांना विकता यावे म्हणून स्वयंपाक्याने आपल्या आयुष्यातली चार वर्षे सवलतीत द्यावीत, याला मी टंचाई म्हणायला तयार नाही. काही रेस्टॉरंटे यामुळे बंद पडतील, हे मला मान्य आहे, आणि ते नुकसान खरे आहे.

वृद्धसेवेच्या बाबतीत मात्र आक्षेप पूर्ण लागू पडतो. तिथला पगार बाजार ठरवत नाही. सरकार अनुदान किती देते त्यावर तो ठरतो. म्हातारी माणसे आहेत, त्यांना उठवायला-बसवायला हात हवेत, ही गरज कोणत्याही शेफच्या गरजेपेक्षा अधिक खरी आहे, आणि तरीही पगार कमी आहे. अशा ठिकाणी पगारावरून गरज मोजणे म्हणजे सरकारच्या कंजूषपणाची शिक्षा रुग्णांना देणे. ऑस्ट्रेलियाने मे २०२३ मध्ये या क्षेत्रासाठी वेगळा श्रम करार केला, त्यात मालकाने संबंधित कामगार संघटनेशी लेखी समझोता करायचा असतो. मला ही कल्पना आवडते. पाळी रिकामी जाते आहे का, जुनी माणसे का सोडून गेली, नव्यांना वेळेवर पगार मिळतो का, हे ज्यांना रोज दिसते त्यांची साक्ष कॅनबेरातल्या अधिकाऱ्याने वाचलेल्या पत्रापेक्षा मोलाची आहे. संघटनेचेही हितसंबंध असतात, हे खरे. ती आपल्या सदस्यांची भरती वाढावी म्हणूनही अडवणूक करू शकते. पण तिचे हितसंबंध निदान उघड आहेत, आणि खोटे पद मंजूर होण्यात तिचा फायदा नाही.

उरली ती सोडून जाण्याची मुभा, आणि या सगळ्यात मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. अगदी अलीकडेपर्यंत स्पॉन्सर केलेल्या कामगाराची नोकरी सुटली तर त्याला नवा स्पॉन्सर शोधायला साठ दिवस मिळत. त्यावर कायम वास्तव्यासाठी त्याच मालकाकडे दोन किंवा तीन वर्षे काढण्याची अट असे, म्हणजे मालक बदलला की मोजणी पुन्हा शून्यापासून. अशा स्थितीत माणूस टिकला यावरून काहीच कळत नव्हते. जागा भरलेली दिसायची, पण ती पगाराने भरली होती की भीतीने, हे बाहेरून सांगता येत नसे. १ जुलै २०२४ पासून एका वेळी १८० दिवस आणि व्हिसाच्या पूर्ण काळात एकूण ३६५ दिवस मिळतात, मधल्या काळात दुसरीकडे कामही करता येते. आणि ७ डिसेंबर २०२४ पासून कोणत्याही मान्यताप्राप्त स्पॉन्सरकडे केलेले काम १८६ साठी धरले जाते. हे बदल कामगारांच्या हिताचे म्हणून मांडले गेले आणि ते तसे आहेतच. पण गरज तपासण्याच्या दृष्टीने ते जाहिरातींच्या सगळ्या नियमांपेक्षा मोठे आहेत, याची चर्चा फारशी झाली नाही. माणूस जाऊ शकतो हे माहीत असताना जो मालक त्याच्यावर पैसे खर्च करतो, त्याला बनावट पद उभे करण्यात फायदा उरत नाही, कारण त्याच्याकडे विकण्यासारखी एकच वस्तू होती, ती म्हणजे कामगाराची अडकलेली अवस्था.

म्हणून तपासाचे वजन अर्जाच्या आधीकडून नंतरकडे सरकवायला हवे. व्हिसा मिळून सहा महिने झाले, की त्या माणसाच्या खात्यात खरोखर किती पगार जातो, तो कोणते काम करतो, त्याच्याकडून कोणी काही परत घेतले का, हे पाहावे. साधने आहेत. तिथले मालक २०१८-१९ पासून प्रत्येक पगाराची माहिती त्याच वेळी कर खात्याला पाठवतात, आणि ‘फेअर वर्क’ या कामगार कायद्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या निरीक्षकांना स्पॉन्सर केलेल्या कामगारांचे वेतन व काम तपासण्याचा अधिकार २०१३ पासूनच आहे. रोखीत परत जाणारा पगार संगणकाला दिसणार नाही, हे मान्य. त्यासाठी स्वयंपाकघरात माणूस पाठवावा लागेल आणि कामगाराशी मालकाच्या गैरहजेरीत, त्याच्या भाषेत बोलावे लागेल. हे खर्चिक आहे. पण आज हजारो प्रामाणिक अर्जांची पत्रे वाचण्यात जाणारा अधिकाऱ्यांचा वेळही फुकट नाही.

डिसेंबर २०२४ च्या कायद्याने मान्यताप्राप्त स्पॉन्सरांची सार्वजनिक नोंदवही ठेवण्याची तरतूद केली: कोण स्पॉन्सर आहे, किती माणसे आणली, कोणत्या व्यवसायांत. पुण्यातल्या किंवा मेलबर्नमधल्या मुलाला ऑफर आली तर निदान त्या नावाचा मालक मान्यताप्राप्त आहे का, हे त्याला पाहता यावे, एवढे तरी यातून साधेल. तीत आणखी एक रकाना असावा असे मी म्हणेन: आणलेल्यांपैकी किती जण वर्षाच्या आत सोडून गेले. तो आकडा एकटा काही सिद्ध करणार नाही, चांगल्या मालकाकडूनही माणसे जातातच. पण ज्या स्वयंपाकघरातून दरवर्षी तीनही शेफ निघून जातात आणि दरवर्षी तीन नवी नॉमिनेशने येतात, तिथली जागा रिकामी आहे यात शंका नसते, जाहिरातीही नियमाप्रमाणे दिलेल्या असतात. ती जागा रिकामी का राहते हे विचारण्याची सोय आजच्या अर्जात कुठेच नाही.